शुक्रवारचा पांढरा कोट

आई, मी तुझ्यावर चिडले आहे. तू जाऊन सतरा वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण रविवार दुपारपासून मी धुमसते आहे आणि हे काढायला घरात दुसरं कोणी नाही. नवरा ऑफिसला गेलाय, मुलगी शाळेत. मी घरून काम करते आहे म्हणजे लॅपटॉपवर एक मीटिंग चालू आहे, माझा माइक बंद आहे आणि मी वहीच्या मागच्या पानावर तुला लिहिते आहे. तू माझी आई होतीस आणि आठवीत माझी वर्गशिक्षिकाही होतीस. शाळेच्या फाटकाच्या आत तुला ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचं, बाहेर पडलं की पुन्हा ‘आई’ आणि ‘तू’, हा तुझाच नियम होता. मला तो इतका अंगवळणी पडला होता की एकदा तापात मी घरीसुद्धा तुला बाई म्हणाले होते. आज मला दोघींशी बोलायचं आहे.

आम्ही हिगाशी-कसाईला राहतो. तोक्योचा हा पूर्वेकडचा भाग, इथे आपल्याकडचे इतके लोक आहेत की लिफ्टमध्ये शिरताना आधी कानोसा घ्यावा लागतो, नाहीतर ज्याच्याबद्दल बोलतोय तोच मागे उभा असायचा. मुलगी दोन वर्षांची असताना आलो, आता ती तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. जेवताना वरण हवं की नको एवढंच मराठीत येतं. शाळा जवळचीच, सरकारी, चालत पाच मिनिटांवर. एप्रिलमध्ये इथलं शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हा तिच्या वर्गात पिंपरीहून एक मुलगी आली. वडील आयटीत, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. मुलीला जपानीचा गंध नाही. शाळेने माझ्या मुलीला सांगितलं, हिला जरा मदत कर. मला कोण अभिमान वाटला होता. मी व्हॉट्सॲपवर मावशीलासुद्धा कळवलं होतं.

आता एक गोष्ट तुला समजावून सांगायला हवी, कारण आपल्याकडे असं काही नव्हतं. इथे शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढतात. दर आठवड्याला एक गट. त्या गटाने शाळेचे पांढरे कोट घालायचे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि सगळ्या वर्गाला सूप-भात वाढायचा. शुक्रवारी ज्याने-त्याने आपला कोट घरी आणायचा, धुवायचा, इस्त्री करायचा आणि सोमवारी पुढच्या गटासाठी परत न्यायचा. म्हणजे माझ्या घरी धुतलेला कोट सोमवारी कोणा दुसऱ्याच मुलीच्या अंगावर. मला ही पद्धत फार आवडायची. तुलाही आवडली असती. तू तर त्यावर प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोलली असतीस.

जूनमध्ये इथे पावसाचे दिवस असतात, कपडे घरातच वाळत घालावे लागतात. पिंपरीच्या मुलीने धुऊन नेलेला कोट एका सोमवारी कोणी घातला नाही. पुढच्या वेळीही नाही. मग ती रांगेत उभी राहिली की पुढची आणि मागची मुलगी दोन-दोन पावलं सरकायला लागल्या. ती वाढायला असली की तिच्यासमोर ताट धरायचं नाही, शेजारच्या भांड्यापाशी जायचं. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. दोन आठवड्यांनी तिच्या पोटात रोज सकाळी दुखायला लागलं आणि ती शाळेत जायची बंद झाली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते एवढंच की शाळेने तिच्या आईला गुरुवारी भेटायला बोलावलं आहे आणि तिला जपानी येत नाही, तर ताई तुम्ही याल का. गेले. वर्गशिक्षक तरुण आहेत, शब्द न् शब्द तोलून बोलणारे. ते म्हणाले, आम्ही चौकशी केली, त्रास दिल्याचं काही आढळलं नाही, नवीन वातावरणात रुळायला काहींना वेळ लागतो. मी ते मराठीत सांगितलं. ती बिचारी मान हलवत होती. म्हणाली, ‘‘जुलैपर्यंत बघू, नाहीतर मी हिला घेऊन पुण्याला परत जाईन. हे राहतील इथे एकटे.’’ मी ते जपानीत सांगितलं. मग शिक्षक जरा अडखळत म्हणाले की कोटाच्या वासाबद्दल मुलांमध्ये थोडं बोलणं झालं असेल, पण तो काही मोठा मुद्दा नाही. एवढंच. आणि इथे मी, कोणी विचारलेलं नसताना, माझ्या पदरची चार वाक्यं जोडली. सांगितलं की कोट स्वयंपाकघराच्या बाजूला वाळत घालू नका, शुक्रवारी फोडणी घालायच्या आधी इस्त्री करून झिपच्या पिशवीत बंद करून टाका, मीही तसंच करते. ती म्हणाली, ‘‘हो हो, माझंच चुकलं ताई. मला कोणी सांगितलंच नव्हतं.’’ आणि तिने शिक्षकांना वाकून नमस्कार केला, माफी मागितल्यासारखा. मी सायकलवरून घरी येताना स्वतःवर खूश होते. आपण एका नवीन बाईला मार्गाला लावलं. नाकाने कांदे सोलायची सवय तुझ्याकडूनच आली आहे मला.

मग रविवार. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी एक कोरियन बाई बसते. तिने मला एक सिनेमा सांगितला होता, तिच्या देशातला, ॲनिमेशनचा पण मोठ्यांसाठीचा, शाळेतल्या छळावर. म्हणाली होती, आधी तुम्ही एकट्या बघा. मी ऐकलं नाही. म्हटलं, माझी मुलगी समजूतदार आहे, वर्गात हे सगळं चाललंय, बघू दे तिलाही. दुपारी जेवून दोघी सोफ्यावर बसलो. आई, ॲनिमेशन म्हटलं की आपल्याला गुबगुबीत ससे आठवतात. यात तसलं काही नाही. चेहरे खरबरीत, कपाळावर घाम, फुटलेले ओठ, आणि रंग सगळे धुण्याच्या पाण्यासारखे. एका मुलाला वर्ग छळतो. अर्ध्या तासाने एक प्रसंग येतो. मुलांनी त्याचा बाक उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवला आहे. तो मुलगा बाकाशेजारी उभा आहे. मास्तर जिन्यावरून येतात, बाक बघतात, मुलाकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘आत घे लवकर, तास सुरू झाला.’’ बस्स. आत जाऊन हजेरी घेतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मारामारीच्या प्रसंगात गेली नव्हती, तिथे गेली. मी मोठ्याने म्हणाले, ‘‘हा माणूस सगळ्यात नालायक आहे.’’ आणि बघते तर मुलगी उठून उभी राहिलेली. म्हणाली, बंद कर. मी म्हटलं, अगं बघ ना, तुमच्या वर्गात त्या मुलीचं जे झालं तेही असंच सुरू होतं. ती म्हणाली, आणि हे तिने चक्क मराठीत म्हटलं, ‘‘मीच बोलले पहिल्यांदा. वास येतो असं मीच बोलले.’’

मला आधी वाटलं तिला मराठी शब्द सापडत नाहीयेत, तिला वेगळं काहीतरी म्हणायचं असेल. मी टीव्ही बंद केला. मग ती जपानीत सांगत गेली आणि मी ऐकत गेले. त्या सोमवारी एका मुलीने तो कोट नाकाशी नेला आणि म्हणाली, हा कसलातरी वास आहे. कसला ते तिला कळेना. सगळ्याजणी हुंगायला लागल्या. माझ्या मुलीला हुंगायचीही गरज नव्हती. तिला माहीत होतं, हिंग, मोहरी, कढीपत्ता. आपल्या घरात रोज असतो तोच. आणि तिला वाटलं की आता कोणीतरी वळून आपल्याकडे बघेल. म्हणून तीच आधी म्हणाली, हा त्यांच्या घरचा वास आहे, असले कपडे मी तरी घालणार नाही. तिथून सुरू झालं.

मी ओरडले तिच्यावर. खूप ओरडले. काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. तुला लाज नाही वाटली, आपल्या घरचाच वास तो, तू खातेस ना तेच, हे सगळं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘पण तूच कोटाच्या शुक्रवारी फोडणी नाही घालत. माझा कोट पिशवीत जाईपर्यंत. मी पहिलीत होते तेव्हापासून.’’

पहिलीपासून. खरंच आहे. त्या शुक्रवारी आमच्याकडे संध्याकाळी सातपर्यंत गॅसवर तेल तापत नाही. मी तिला कधी म्हटलं नाही की आपल्या वासाची लाज वाटून घे. मी फक्त पिशवीची झिप दोनदा दाबून बघायचे.

रात्री तो सिनेमा मला पुढे बघवला नाही, सोमवारी लंचच्या सुट्टीत एकटीने संपवला, आणि त्याच्यावरही चिडले. त्यातले छळणारे बघितले की कोणालाही कळतं की ही वाईट पोरं आहेत. डोळे तसे काढलेत, हसणं तसं काढलंय. शेवटी त्यांचं वाईटही होतं, बघणाऱ्याला बरं वाटतं. माझी मुलगी तशी दिसत नाही. ती गाजराचे तुकडे करताना माझ्यासाठी टोकाचा गोड भाग बाजूला ठेवते. आठवीतल्या आम्हीही तशा दिसत नव्हतो. दोन वेण्या, निळ्या रिबिनी. आणि तू तर मुळीच तशी दिसत नव्हतीस. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात खडूची पेटी. सगळ्या शाळेची लाडकी.

तर आता तुझ्याबद्दल. तुला ती मुलगी आठवते का? आठवीत, दिवाळीच्या आधी. वडील पोलिसात, रत्नागिरीकडून बदली होऊन आलेले, राहायला पोलीस लाइनीत. तिच्या डब्यात सुकट असायची, भाकरीबरोबर. मधल्या सुट्टीत ती डबा उघडायची आणि आम्ही नाकाला रुमाल लावायचो. आधी गंमत म्हणून. मग तिच्या बाकावर कोणी बसेना. मग तिची पट्टी, तिची वही, तिने हात लावलेला फळ्याचा डस्टर. एके दिवशी कोणीतरी घरून पावडरचा डबा आणून तिच्या बाकावर आणि दप्तरावर ओतला, सगळं पांढरंफटक. तू वर्गात आलीस. मी तिसऱ्या बाकावरून बघत होते तुझ्याकडे, मला वाटलं आता खैर नाही. तू त्या बाकाकडे बघितलंस, तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘‘पुसून घे गं. चला, पान चाळीस.’’ पान चाळीसच होतं की एकेचाळीस ते आता आठवत नाही, पण तिने आपल्या रिबिनीने बाक पुसला ते आठवतं, कारण तिला कोणी फडकं दिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तू नियम केलास. उद्यापासून डब्यात पोळी-भाजीच आणायची. सगळ्यांनी. ‘सगळ्यांनी’ हा शब्द तू दोनदा म्हणालीस. अगं, सगळे पोळी-भाजीच आणत होते. वर्गात एकच डबा वेगळा होता आणि तो कोणाचा, हे बाकाबाकाला माहीत होतं. तिला तू शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसवलंस, ‘‘तिथे हवा चांगली येते’’ म्हणालीस. किती गोड आवाजात म्हणालीस. तू जात उच्चारली नाहीस, आडनाव काढलं नाहीस, तू स्वच्छता म्हणालीस, आरोग्य म्हणालीस. तुझ्या तोंडून उभ्या जन्मात वाईट शब्द निघाला नाही आणि एक मुलगी शाळा सोडून गेली. दिवाळीनंतर ती आलीच नाही. मी घरी तुला विचारलं, ती का येत नाही? तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, ‘‘नाही रमली ती.’’ आणि मला म्हणालीस, तूप काढ.

नाही रमली. इथल्या शिक्षकांनी गुरुवारी जे सांगितलं आणि मी ज्याचं छान मराठी करून त्या आईच्या पदरात घातलं, ते हेच. बाई, मी तुम्हाला विचारते, पस्तीस मुलींच्या वर्गात तुम्ही एकट्याच मोठ्या होतात. आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या होतो. तुमच्या एका वाक्याने ते थांबलं असतं. ‘‘पावडर कोणी टाकली, उभी राहा’’ एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालात? तुम्हाला माहीत होतं म्हणून ना, की पहिली मी उभी राहीन?

कारण वासाचं मी आणलं होतं घरी. पहिल्या आठवड्यातच. आई, शी, तिच्या डब्याला काय वास येतो गं. पावडर मी नव्हती ओतली, पण डबा मीच आपल्या कपाटातून नेला होता, आणि त्याचं झाकण हरवलेलं तुला संध्याकाळी कळलं. तू मला एक शब्द विचारला नाहीस. नवा डबा आणलास. मला वाचवलंस तू. सगळे म्हणतात बाईंनी शाळेचं नाव राखलं, तू तर घरचं नाव राखलंस. तू गेलीस तेव्हा तुझ्या विद्यार्थिनी आल्या होत्या, एक म्हणाली, बाईंनी आम्हाला स्वच्छतेचे संस्कार दिले. मी तिथे उभी होते. मूग गिळून गप्प बसले. तिथेही.

काल, मंगळवारी, ऑफिस सुटल्यावर मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. नवरा म्हणाला होता, आता पोरगी कबूल झाली आहे ना, तिला समज दे, घरातल्या घरात मिटव, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. म्हटलं, हेच तर माझ्या आईने केलं. त्याला काही कळलं नाही. मी समजावतही बसले नाही.

तिच्या आईने दार उघडलं. आत पंखा चालू होता आणि कसलाच वास नव्हता, अगदी कसलाच. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. माझी लेक दाराशीच उभी राहून कमरेत वाकली आणि जपानीत माफीची ठरावीक वाक्यं म्हणायला लागली, इथे शाळेत शिकवतात तशी. त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, अर्थ सांगा म्हणून. मी म्हटलं, ‘‘मी सांगणार नाही. हिला सांगू दे. मराठीत.’’ लेकीचा चेहरा लालबुंद झाला. शब्द सापडेनात. मग म्हणाली, ‘‘काकू, कोटाचं मी बोलले. आधी मी बोलले. तिने काही नाही केलं.’’ आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. फार वाटत होतं, पण नाही घेतलं.

त्या बाईंनी लेकीला नाही, मला विचारलं. ‘‘गुरुवारी तुम्ही ते पिशवीचं, फोडणीचं सांगितलंत ना, ते सर म्हणाले होते की तुमचं तुम्ही?’’

सर म्हणाले होते असं म्हणता आलं असतं, आई. तिला जपानी येत नाही. तिला कधीच कळलं नसतं.

मी म्हटलं, ‘‘माझं मी.’’

‘‘मी गुरुवारपासून फोडणीच घातली नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वरण-भात, उकडलेले बटाटे. पोरगी विचारते, आई, तुला बरं नाही का. तिला काय सांगू?’’ त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, ‘‘शुक्रवारी शाळेत याल? हे जे आत्ता बोललात ते सरांपुढे बोलाल? सगळं, जसंच्या तसं?’’ मी हो म्हटलं. त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही, चहा विचारला नाही. दार लावताना एवढंच म्हणाल्या, ‘‘तिला सांगेन मी. येईल की नाही माहीत नाही.’’

परवा मी जाणार आहे. सरांना सांगणार आहे की तुमची चौकशी चुकली, त्रास देणारी माझ्या घरात आहे, आणि तिला शिकवणारीही. माझ्या मुलीचं यानंतर वर्गात काय होईल, मला ठाऊक नाही. कदाचित तिच्यापासूनही दोन पावलं सरकतील. भीती वाटते. तुलाही अशीच वाटली असेल का, पावडरचा तो बाक बघून? वाटली असेल तरी मी तुला आज माफ करत नाही. मला आधी शुक्रवार पार पाडू दे.

मीटिंग संपत आली आहे, माझं नाव घेतील आता. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट मी त्या बाईंना सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. काल त्यांच्या दाराशी बेल वाजवायच्या आधी मी माझी बाही नाकाशी नेऊन हुंगली. मग लेकीला पाठमोरी केलं आणि तिचे केसही.